गोल बैठक आणि मंगळवारची ताई: दोन वर्षं शाळेत चालवून पाहिलेल्या कार्यक्रमाबद्दल

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. पाचव्या वर्गापासून दहाव्या वर्गापर्यंत तीनशे चाळीस पोरं आहेत. त्यांतली निम्मी आजूबाजूच्या सहा गावांतून आणि दोन पोडांवरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरून, येतात. गेली दोन वर्षं एका संस्थेचा कार्यक्रम आमच्याकडे चालू आहे आणि शाळेच्या बाजूनं तो सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. भांडण, चोरी, मारामारी, चिडवाचिडवी झाली की शिक्षा करून मोकळं व्हायचं नाही, ज्यांचं नुकसान झालं आणि ज्यांनी केलं त्यांना बसवून ते दुरुस्त करायचं, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग मुलांच्या मनाच्या आरोग्याचा. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी एक प्रशिक्षित समुपदेशक शाळेत येते, तिला आम्ही ताई म्हणतो. पुढच्या सत्रासाठी तालुक्यातल्या बऱ्याच मुख्याध्यापकांना याच संस्थेचं पत्र आलंय आणि "कसं हाय मॅडम ते, घ्यावं का?" असे फोन मला येत असतात. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्यांना पत्र आलंय त्यांना ते माहीत आहे.

फी नाही, खर्च एका कंपनीच्या सामाजिक निधीतून होतो. शाळेनं द्यायचं ते एवढंच: दार लागेल अशी एक खोली, कुलपाचं एक कपाट, एक बाई आणि एक पुरुष असे दोन शिक्षक, आणि वेळ. खोली आम्ही खेळाचं जुनं सामान हलवून मोकळी केली. कपाट स्नेहसंमेलनाच्या उरलेल्या पैशातून घेतलं. वेळ मात्र कशातूनच उरत नाही आणि पत्रात त्याचा हिशोब दिलेला नाही, तो मी देते. प्रशिक्षणात सांगतात की एक बैठक म्हणजे चाळीस मिनिटांचा एक तास. प्रत्यक्षात ज्याला त्रास झाला त्याच्याशी दोनदा बोलावं लागतं, ज्यानं दिला त्याच्याशी दोनदा, दोन्ही घरच्यांशी एकेकदा, मग बैठक, आणि ठरलेलं होतंय का ते बघायला पुन्हा तीन-चार फेऱ्या. माझ्या वहीत साध्या भांडणाला साडेतीन तास लागलेले आहेत, गुंत्याच्या प्रकरणाला सात-आठ. ते मी रिकाम्या तासांतून, खिचडीच्या सुटीतून आणि शनिवारी शाळा सुटल्यावर काढले. ज्या शिक्षकाकडे आधीच बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम आहे त्याच्या गळ्यात हे घालू नका. तो नाही म्हणणार नाही आणि त्याच्याकडून होणारही नाही, आणि मधल्या मध्ये पोराला दिलेला शब्द मोडेल.

प्रशिक्षण तालुक्याला तीन दिवस झालं. पहिला दिवस वाया गेला. पडद्यावर हिंदी, बोलणं अर्धं इंग्रजी, आणि कार्यक्रमाचं मराठी नाव 'पुनर्स्थापनात्मक न्याय'. हा शब्द घेऊन आठव्या वर्गासमोर उभं राहता येत नाही. आम्ही त्याला गोल बैठक म्हणू लागलो, आणि पोट्टे नुसतं 'गोल' म्हणतात. सातव्या वर्गातले चौघं जण स्वतःहून येऊन "मॅडम, आमचा गोल घ्या ना" म्हणाले, तेव्हा नाव रुजलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आलेली प्रशिक्षिका जीव लावून शिकवणारी होती. तिनं एल्मिरा गावाची हकिगत सांगितली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं हे छोटं गाव. १९७४ साली तिथल्या दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी तोडफोड केली. मार्क यांत्झी नावाच्या परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यानं न्यायाधीशाला सुचवलं की या दोघांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात नेऊन उभं करू या. दोघं दारोदार गेले, लोकांच्या तोंडून नुकसान ऐकलं आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई केली. न्यूझीलंडनं १९८९ साली तर कायदाच केला, की अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यात कुटुंबाला बसवून निर्णय व्हावा. त्यामागं तिथल्या मूळच्या माओरी लोकांचा आग्रह होता. हे ऐकताना मला आमच्या शाळेचा ऑफिससमोरचा ओटा दिसत होता. चोवीस वर्षांत त्या ओट्यावर मी किती पोरांना उभं केलं, आणि ज्याचं डोकं फुटलं किंवा ज्याचा डबा फेकला गेला त्या पोराला त्या वेळी कोणी काय विचारलं, ते आठवू लागले. कोणी काही विचारलेलं नव्हतं. तो वर्गात बसून असायचा आणि आम्ही सगळे दुसऱ्यावर ओरडण्यात गुंतलेले असायचो.

संस्थेच्या पेटीत एक कार्ड येतं. त्यावर पाच प्रश्न आहेत: काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? आता काय वाटतं? कोणाकोणाला त्रास झाला? तो दुरुस्त कसा करशील? यात 'काऊन', म्हणजे 'का', नाही. आमच्याकडे शिक्षकाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तोच "काऊन रे, काऊन मारलं?" आणि पोरगा मान खाली घालतो, कारण त्याला उत्तर माहीत नसतं, किंवा माहीत असलं तरी सांगण्यासारखं नसतं. 'काऊन' गाळल्यावर पोरं बोलतात. मला ही सवय लागायला सहा महिने गेले. या कार्यक्रमातून बाकी काही घेतलं नाही तरी हे कार्ड घ्या, आणि त्याचं मराठी आपल्या भागातल्या बोलीत करून घ्या.

पालकसभेत हे सांगितलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, "हे तं तंटामुक्तीच झालं न मॅडम." सगळ्यांना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आठवली. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील यांच्या काळात ती सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटावेत हा तिचा हेतू, आणि केलेल्या कामाला गुण व बक्षीस होतं. हेतू चांगलाच होता. पण गावकीत समेट म्हटला की कोणाला मागं सरायला सांगतात, हे खेड्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून मी सभेत सांगितलं की आमच्या बैठकीचं काम समेट घडवणं नाही. ज्याला लागलं त्याला काय पाहिजे ते आधी विचारायचं, आणि ज्यानं केलं त्यानं ते द्यायचं. दोघं पुन्हा बोलले नाहीत तरी चालेल. हे त्या दिवशी मी बोलले खरं, पण त्याचा अर्थ मला सायकलीच्या प्रकरणात कळला.

नवव्या वर्गातली एक मुलगी पाच किलोमीटरवरून सायकलनं यायची. सायकल मानव विकास कार्यक्रमात मिळालेली. एका दुपारी तिच्या सायकलचे दोन्ही टायर ब्लेडनं कापलेले सापडले, सीटही फाडलेलं. त्या दिवशी ती सायकल हातानं ढकलत पांदणीनं घरी गेली. ऑगस्टचा महिना, काळी माती, चाकाला चिखलाचे गोळे. पोचायला दिवस मावळला. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. सहाव्या दिवशी मी घरी गेले तर आई म्हणाली, "लय झालं मॅडम शिक्षन. पोरीची जात, रस्ता खराब. राहू द्या घरीच." तीन मुलांची नावं तोवर पुढं आली होती. जुन्या रितीनं काय झालं असतं ते मला पाठ आहे. दोन थापडा, पालकांना बोलावणं, माफीनामा, फाईल. आणि पोरगी घरीच.

या वेळी आधी ताई तिच्याशी एकटीशी बोलली, घराच्या मागच्या गोठ्याजवळ बसून. तिनं पहिल्यांदा हे काढून घेतलं की यात अंगचटीचं, घाणेरडं बोलण्याचं काही आहे का. तसं काही असतं तर बैठक हा विषयच संपला असता, त्याबद्दल पुढं लिहिते. तसं नव्हतं. ती वर्गाची मॉनिटर होती, फळ्यावर या तिघांची नावं लिहायची, त्याचा राग होता. मग ताईनं विचारलं, तुला काय पाहिजे? मी धरून चालले होते की तिला त्या तिघांची माफी हवी असेल. ती म्हणाली, "मले त्यायची माफी नाही पायजे. माफी मागतात आन् मांगून हासतात. मले साडेधाले शाळेत पोचाचं हाय. आन् ते पांदणीच्या तोंडाशी उभे राह्यतात, ते नाही राह्यले पायजे."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. चोवीस वर्षांत मी शेकडो माफीनामे लिहवून घेतले असतील, आणि ज्याच्या नावे माफी त्याला ती हवी आहे का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तिन्ही मुलांशी वेगवेगळं बोलताना तिघंही म्हणाले, "गंमत केली मॅडम." त्यांना खरंच वाटलं होतं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी दुरुस्त करून देईल. ती पांदणीनं सायकल ढकलत गेली, तिची शाळाच बंद व्हायची वेळ आली, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. बैठकीत ती बोलली तेही फार नाही. त्या संध्याकाळी नाल्याजवळ अंधार पडला तेव्हा भीती वाटली, आणि आईनं वह्या कपाटात ठेवून दिल्या, एवढंच. तिघांतला सगळ्यात दांडगा पोरगा ऐकताना पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. शेवटी त्याला विचारलं, तर म्हणाला, "माही बयीन तिच्याच गावाले देल्ली हाय. तीबी त्याच पांदणीनं जाते."

ठरलं ते असं. टायर, ट्यूब आणि सीटचे आठशे चाळीस रुपये तिघांच्या घरून, पण बसवायचं काम तिघांनी स्वतः करायचं. गावातल्या पंक्चरवाल्या भाऊंनी दोन रविवार त्यांना दुकानात बसवलं, हवा भरण्यापासून ब्रेक वायर लावण्यापर्यंत शिकवलं. सायकल महिनाभर ऑफिससमोर उभी राहील. शाळा सुटल्यावर अर्धा तास तिघंही पांदणीकडं जाणार नाहीत. आणि फळ्यावर नावं लिहायची पद्धत मी वर्गातून बंद केली, कारण आगीत तेल ती पद्धत ओतत होती आणि ती आमची होती, पोरीची नव्हती.

ती पुन्हा शाळेत आली. पण गोष्ट इथं संपत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तिघांपैकी दोघं पुन्हा पांदणीच्या तोंडाशी दिसू लागले. पोरीनं मला सांगितलं नाही, शिपाई भाऊंनी सांगितलं. विचारलं तर ते म्हणाले, वावर तिकडंच आहे, कापसाच्या गाठोड्याजवळ थांबतो. खरंच होतं ते. मग पुन्हा बसून वेळ बदलून घेतली. या दुसऱ्या बसण्याला संस्थेच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. त्यांच्या हिशोबी बैठक झाली, करार झाला, प्रकरण बंद. मी त्यांना दोनदा लिहून कळवलं की तिसऱ्या आठवड्याचा आणि दुसऱ्या महिन्याचा रकाना घाला. अजून घातलेला नाही. तुम्ही घेणार असाल तर आपली वेगळी वही ठेवा.

आता ताईच्या कामाबद्दल, कारण माझ्या मते कार्यक्रमाचा खरा जीव तिथं आहे.

आठव्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्याच्या वह्या फाडायचा, बाकावर डोकं आपटायचा, एकदा खिडकीची काच फोडली. आम्ही त्याचे तीन गोल घेतले. तिन्ही वेळा तो शांत बसून सगळं कबूल करायचा, नुकसान भरून द्यायचा, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. ताईनं मला एक साधी वही आखून दिली. तीन रकाने: आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग आपण काय केलं. तारीख आणि तास. मत लिहायचं नाही, फक्त दिसलं ते. दोन महिने मी आणि वर्गशिक्षकांनी ती भरली. आठ घटना झाल्या. एका मंगळवारी ताई ती वही घेऊन बसली, आणि आमची सूचनावही मागितली. आठांपैकी सहा दिवस असे होते, ज्या दिवशी काही ना काही फॉर्म वाटले गेले होते. शिष्यवृत्तीचा, सहलीचा, बँक खात्याचा, जंतनाशक गोळीच्या संमतीचा. आणि प्रत्येक फॉर्मच्या खाली छापलेलं होतं: वडिलांची सही.

त्याच्या वडिलांनी मागच्या वर्षी जीव दिला होता. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वाक्य पुढं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या शाळेत अशी एकोणीस मुलं आहेत, हे ताईनं यादी करायला लावली तेव्हा आम्हाला कळलं. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमध्ये सगळं होतं, फक्त कोणी एका जागी मांडलं नव्हतं.

आम्ही त्या दिवसापासून शाळेच्या सगळ्या फॉर्मवर 'पालकाची सही' केलं. वरून छापून येणाऱ्या फॉर्मवर हातानं खोडून लिहितो. मुलगा झोपत नव्हता, रात्री उठून बसायचा, हे त्याच्या आईनं आशा सेविकेच्या मदतीनं सांगितलं. ताईनं त्याला यवतमाळला मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं, पहिल्या दोन वेळा स्वतः सोबत गेली. आईला १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक दिला. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही मनाच्या आरोग्यासाठीची मोफत सेवा आहे आणि मराठीत बोलता येतं. आता तो बरा आहे असं मी लिहिणार नाही. तो शाळेत येतो, वह्या फाडणं बंद आहे, आणि पोळ्याच्या सुमाराला पुन्हा गप्प होतो. त्या दिवसांत आम्ही त्याला एकटा सोडत नाही.

मला या मुलाबद्दल एक गोष्ट आयुष्यभर सलणार आहे. काच फुटली त्या दिवशी मी त्याला म्हणाले होते, "उद्या बापाले घेऊन ये." सवयीनं निघालं तोंडून.

म्हणून जे मुख्याध्यापक विचारतात की नुसत्या बैठका घेतो, समुपदेशक नको, खोली द्यावी लागते, त्यांना मी कळकळीनं सांगते की तसं करू नका. अर्धं 'वाईट वागणं' हे दुखण्यातून येतं. दुखण्याला गोल बैठक हे औषध नाही, उलट पोराला वाटतं की मी तीनदा शब्द दिला आणि तीनदा मोडला, म्हणजे मीच खराब. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली त्यांत शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा असं म्हटलं आहे. आमच्यासारख्या शाळेत ते पद नाही. पंधरवड्याला एक मंगळवार हे त्याच्या जवळपासही जात नाही, पण शून्यापेक्षा ते खूप आहे, आणि ताई दोन वर्षांत फक्त तीनदा चुकली. दोनदा पुरामुळे एसटी बंद होती. मुलांना ती येणार हे माहीत असतं, म्हणून मुलं मंगळवारपर्यंत थांबतात.

आता जे चुकलं ते.

पहिल्या वर्षी संस्थेनं ताईसोबत एक नवीन कार्यकर्ता पाठवला होता. सहाव्या वर्गात एका मुलाला जातीवरून नाव ठेवून चिडवलं गेलं होतं. मी त्या दिवशी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला होते. या कार्यकर्त्यानं तयारी न करता अख्ख्या वर्गासमोर दोघांना बसवलं, आणि दोघांनाही विचारलं, "यात तुझी काय चूक झाली?" चिडवलेल्या मुलानं बराच वेळ विचार करून सांगितलं की मी त्यांच्या नळावर पाणी प्यायलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघांनी हात मिळवले, फोटो काढला. संध्याकाळी त्याची आजी शाळेत आली. तिनं आरडाओरडा केला नाही. ती एवढंच म्हणाली, "बाई, आमच्या जल्माची चूक पोरगं कबूल करून आलं."

मी संस्थेला त्याच रात्री पत्र लिहिलं. त्यांनी कार्यकर्त्याला बदललं, चूक मान्य केली, पुढच्या प्रशिक्षणात हे प्रकरण नाव न घेता शिकवायला घेतलं. एवढं त्यांचं श्रेय मी देते. पण हे घडू शकतं हे त्यांच्या पुस्तिकेत कुठंही लिहिलेलं नव्हतं. जिथं एक बाजू पिढ्यानपिढ्या खाली दाबलेली आहे तिथं दोघांना समोरासमोर सारखं बसवणं म्हणजे समानता नव्हे. त्या मुलासाठी नंतर आम्ही त्याला आणि आजीला विचारून वेगळं केलं. बैठक घेतली ती मोठ्यांची. त्यात मी, वर्गशिक्षक आणि चिडवणाऱ्या मुलाचे आईवडील होतो. पाण्याच्या टाकीजवळ कोण कसं वागतं ते पाहायला महिनाभर रोज एक शिक्षक खिचडीच्या सुटीत उभा राहिला. अजूनही राहतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे, आणि त्यात संकोच नको. लैंगिक छळाची नुसती शंका जरी आली तरी गोल बैठक नाही, समेट नाही, घरच्यांना बसवणं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती कळवणं हे आपलं कर्तव्य आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, पोलिसांना माहिती, शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीला कल्पना. एकदा असा प्रसंग आला तेव्हा गावातल्या दोन वजनदार माणसांनी मला सुचवलं, "तुमचा तो गोल हाय ना मॅडम, त्यात मिटवा." कार्यक्रमाचं नाव अशा कामासाठी वापरलं जाऊ शकतं हे तेव्हा कळलं. आता आमच्या खोलीच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला आहे, कोणत्या प्रकरणात बैठक होणार नाही त्याचा. करारनाम्यातही ते वाक्य लिहून घ्या. आम्ही दुसऱ्या वर्षी लिहून घेतलं.

फोटोंचंही सांगते. दर महिन्याला संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप येतो: बैठकींचे फोटो पाठवा, किती झाल्या ते कळवा. देणगीदाराला दाखवायला लागतात हे मी समजू शकते. पण रडणाऱ्या मुलीचा फोटो मी पाठवत नाही. रिकाम्या खोलीत गोल मांडलेल्या सतरंज्यांचा पाठवते. पहिले दोन महिने त्यावर वाद झाला, मग त्यांनी सोडून दिलं. आकड्यांचा आग्रह मात्र आहे, महिन्याला आठ बैठका. आठ भांडणं झाली नाहीत तर काय उकरून काढायची? मी खरे आकडे कळवते. एका महिन्यात एकच कळवली होती.

पेटीत बोलण्याची वस्तू म्हणून रबराचा एक चेंडू आला होता. ज्याच्या हातात ती वस्तू त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, ही पद्धत मूळची उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची. कॅनडातल्या युकॉनमध्ये तर १९९२ साली एका न्यायाधीशानं खुर्च्या हलवून अख्खं कोर्ट गोलात बसवलं होतं. पण चेंडू हातात आला की आमची पोरं तो टप्पा मारायला बघायची. आम्ही त्याऐवजी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ठेवला. घरात ज्याला हळद-कुंकू लागतं, तो हातात घेऊन कोणी वेडंवाकडं बोलत नाही. पोडावरची मुलं तरीही नंदी हातात आला की पुढं सरकवून द्यायची, एक शब्द न बोलता. प्रशिक्षकांनी लिहिलं, 'सहभाग कमी'. मुलं घरी कोलामी बोलतात, शाळेत मराठी ऐकतात, आणि मनातलं सांगायला त्यांच्याकडे मराठी नव्हती. दहाव्या वर्गातल्या पोडावरच्या एका मुलीला आम्ही शेजारी बसवलं. तिनं पहिल्याच दिवशी प्रश्न कोलामीत विचारले आणि पाचव्या वर्गातला जो पोरगा वर्षभर गप्प होता तो इतका वेळ बोलला, की पुढचा तास मला मराठीच्या मॅडमना मागून घ्यावा लागला. पोडावर चावडीत बसून बोलायची रीत आहेच त्यांची, शिकवायची गरज नव्हती. आम्ही ती आमच्या भाषेत मागत होतो.

अभ्यासाचं काय, हा प्रश्न दहाव्या वर्गाचे पालक विचारतात आणि योग्यच विचारतात. संस्थेच्या माहितीपत्रात लिहिलंय की यानं निकाल सुधारतो. तेवढ्यावर विसंबू नका. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ४४ शाळांमध्ये रँड या संस्थेनं याचा मोठा अभ्यास केला, तो २०१८ साली बाहेर आला. शाळेतलं वातावरण सुधारल्याचं शिक्षकांनी सांगितलं, निलंबनाचे दिवस कमी झाले, पण सहाव्या ते आठव्या वर्गाच्या मुलांचा अभ्यास सुधारला नाही, उलट घसरला. हे वाचल्यावर मी मोठ्या सरांकडे (मुख्याध्यापकांकडे) गेले आणि नियम करून घेतला: गणित, इंग्रजी, विज्ञान या तासांना बैठक नाही. सोमवारी परिपाठानंतरची पंधरा मिनिटं सगळ्या वर्गांना गोलासाठी, भांडण असो वा नसो. 'काल घरी काय चांगलं झालं' एवढ्यावर सुद्धा. भांडणाच्या दिवशी एकदम गोलात बसवलं तर पोरं गोंधळतात. नेहमीची ओळख असली तर बसतात.

मारणं बंद झालं का, हेही विचारतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं ते कधीच बंद केलंय. कायदा मारू नको म्हणतो, पण मग काय कर ते सांगत नाही. आमच्या शिक्षकांकडे पर्याय नव्हता, आता आहे. दोन सहकारी अजून मानत नाहीत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या वर्गातलं प्रकरण आलं की बैठकीत त्यांना शेजारी बसवते. एक जण या जानेवारीत बैठक संपल्यावर नंदी हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

तर घ्यावं का? तुमच्याकडे एक शिक्षक असा असेल की जो ठरलेलं विसरत नाही, आणि मुख्याध्यापक त्याचे आठवड्याचे दोन तास मोकळे करणार असतील, तर घ्या. तीन दिवसांचं प्रशिक्षण पुरेसं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा मागा, मराठीत मागा. फोटोला नाही म्हणा. समुपदेशक कोण, कुठल्या वारी येणार, ते लिहून घ्या.

आमचा तिसऱ्या वर्षाचा करारनामा मोठ्या सरांच्या टेबलावर पडून आहे. त्यात या वेळी 'समुपदेशन सेवा गरजेनुसार, फोनवर उपलब्ध' असं लिहून आलंय. मी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारून परत पाठवायला सांगितलंय, की मंगळवार आणि तीच ताई असं लिहून द्या, मग सही करू. वह्या फाडायचा त्या मुलानं परवा विचारलं, "जूनमध्ये ताई येईन न मॅडम?" मी त्याला सांगितलं की विचारलंय, उत्तर आलं की तुला पहिलं सांगीन.